‘विक्का’विषयी काय वाचावे?

आमच्या मंडळाच्या ग्रंथालयात वाचकांच्या मागण्या नोंदविण्यासाठी एक जाड वही ठेवलेली आहे. तीत बहुधा चरित्रे, पाकपुस्तके आणि दिवाळी अंक यांचीच मागणी आढळते. गेल्या चैत्रात मात्र एका जुन्या सभासदांच्या नातीने ‘विक्का या पंथाविषयी चांगली पुस्तके मागवावीत’ असे सुवाच्य अक्षरांत लिहिले आणि कार्यकारिणीच्या बैठकीत अर्धा तास वादळ झाले. एका ज्येष्ठांच्या मते ही जादूटोण्याची पुस्तके. सभासदांच्या वर्गणीतून ती घेणे गैर. दुसऱ्यांनी ती ‘धर्म’ विभागात ठेवावीत असे सुचविले. अखेर पुस्तके पाहून अभिप्राय देण्याचे काम, निवृत्तांना वेळच वेळ असतो या सर्वमान्य समजुतीने, आमच्याकडे आले.

आमचे मन कोरे नव्हते, हे आधी सांगावयास हवे. १९८८ साली, आज छत्तीसगढात असलेल्या पण तेव्हा मध्य प्रदेशात मोडणाऱ्या एका तहसिलीत आम्ही नोकरीस होतो. तेथील एका वृद्ध विधवेला गावाने ‘टोनही’ ठरविले होते. दोन मुले तापाने दगावली, एवढाच काय तो पुरावा. भादरलेले डोके पदराखाली झाकून ती आमच्यासमोर बसली आणि आपण काही केले नाही, एवढेच पुन्हापुन्हा सांगत राहिली. छत्तीसगढाने टोनही-प्रताडनेविरुद्ध कायदा केला तो पुढे, २००५ साली. ज्या शब्दाने त्या बाईचा संसार उठला, तोच शब्द इंग्लंड-अमेरिकेतील सुशिक्षित माणसे हौसेने स्वतःस लावून घेतात, हे प्रथम आम्हांस असह्यच वाटले. या पूर्वग्रहासह आम्ही वाचावयास बसलो.

या पंथाचा मूळपुरुष जेरल्ड गार्डनर (१८८४–१९६४) हा, गंमत अशी की, आमच्यासारखाच सेवानिवृत्त सरकारी अधिकारी. सिलोन, बोर्निओ, मलाया येथील मळ्यांत उमेदीची वर्षे काढून तो मलायात जकात खात्यात लागला, मलायी कट्यारींवर त्याने ग्रंथ लिहिला आणि १९३६ साली निवृत्त होऊन तो मायदेशी परतला. दक्षिण इंग्लंडातील न्यू फॉरेस्टच्या परिसरात आपणास १९३९ साली चेटकिणींच्या एका प्राचीन मंडळाची दीक्षा मिळाली, असे तो सांगे. परंतु उघडपणे लिहिणे कठीण होते. १७३५ च्या कायद्याने चेटूक हा देहदंडाचा गुन्हा राहिला नव्हता, तरी जादूची शक्ती असल्याचे ढोंग करणाऱ्यास शिक्षा होती. हेलन डंकन या प्रेतात्म्यांशी बोलणाऱ्या बाईला १९४४ इतक्या उशिरा त्याच कायद्याखाली तुरुंगवास घडला. तो कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली गार्डनरचे ‘विचक्राफ्ट टुडे’ बाहेर पडले. विक्काची छापील परंपरा खऱ्या अर्थाने येथून सुरू होते. पंथाचे नाव मात्र जुन्या इंग्रजीतले आहे. तेथे तो शब्द पुरुष मांत्रिकासाठी होता आणि त्याचा उच्चार ‘विच्चा’ असा काहीसा होई.

गार्डनरच्या पुस्तकाला प्रस्तावना आहे मार्गारेट मरे यांची, आणि वाचकाने सर्वांत सावध राहावयाचे ते येथे. मरेबाईंचा जन्म १८६३ साली कलकत्त्यात झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्या इजिप्तविद्येच्या नामांकित अभ्यासक होत्या. १९२१ च्या ‘द विच-कल्ट इन वेस्टर्न युरोप’ या ग्रंथात त्यांनी असे मांडले, की ज्यांना चेटकिणी म्हणून फासावर दिले वा जाळले ते लोक ख्रिस्तपूर्व काळातील एका संघटित धर्माचे अनुयायी होते. ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’त या विषयावरील नोंदही त्यांचीच, आणि ती कित्येक वर्षे तशीच छापली जात होती, मग सामान्य वाचकाने शंका तरी का घ्यावी? नॉर्मन कोन यांनी १९७५ च्या ‘युरोप्स इनर डीमन्स’मध्ये मरेबाईंनी उद्धृत केलेल्या जबान्या मूळ कागदांशी ताडून पाहिल्या. हवेतून उडणे, पशुरूप घेणे असे अशक्य भाग जबान्यांतून गाळून, उरलेला मजकूर जणू साध्या सभेचा वृत्तान्त म्हणून छापला होता. आमचे अवघे आयुष्य नस्त्या वाचण्यात गेले. प्रतिकूल शेरे वगळून टिपणी कशी तयार होते, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको. कोन यांची ती पाने आम्ही दोनदा वाचली.

म्हणून आमची पहिली शिफारस ब्रिस्टल विद्यापीठातील इतिहासकार रोनाल्ड हटन यांच्या ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ची (१९९९, सुधारित आवृत्ती २०१९). विक्का हा अखंड चालत आलेला आदिधर्म नसून विसाव्या शतकात, कवींचे निसर्गप्रेम, गुप्त मंडळांचे विधी, लोककथांचे संग्रह अशा नाना धाग्यांनी विणला गेलेला नवा धर्म होय, असे ते दाखवितात. परंतु नवा म्हणून खोटा, अशी उडी ते मारीत नाहीत, आणि अनुयायांची टिंगलही करीत नाहीत. ग्रंथ जाड आहे, तळटिपा भरपूर आहेत. मात्र एकदा लय सापडली की वाचक थांबत नाही.

आतल्या गोटातील साक्ष हवी असेल त्याने डोरीन व्हॅलियंट यांचे ‘द रीबर्थ ऑफ विचक्राफ्ट’ (१९८९) वाचावे. १९५३ साली गार्डनरकडून दीक्षा घेतलेल्या या बाईने त्याच्या विधिग्रंथातील ॲलेस्टर क्रोलीचे उसने उतारे ओळखले आणि ते काढून पुष्कळसा भाग नव्याने रचला. गुरूच्या प्रसिद्धिलोलुपतेला कंटाळून पुढे त्या वेगळ्या झाल्या, तरी पुस्तकात कडवटपणा नाही. गार्डनर जिला ‘ओल्ड डोरोथी’ म्हणे ती खरोखर अस्तित्वात होती काय, याचा छडाही त्यांनी जन्ममृत्यूच्या दफ्तरांतून लावला. डोरोथी क्लटरबक नावाची बाई खरीच निघाली, आणि तिचा जन्म १८८० साली हिंदुस्थानातला! तिनेच गार्डनरला दीक्षा दिली की काय, हा प्रश्न मात्र हटन यांनी पुन्हा खुला केला.

अमेरिकेतील दोन पुस्तके १९७९ सालची : मार्गो ॲडलर या पत्रकर्तीचे ‘ड्रॉइंग डाउन द मून’ आणि स्टारहॉक यांचे ‘द स्पायरल डान्स’. पहिल्यात गावोगावच्या अनुयायांच्या मुलाखती आहेत. समाज समजून घेण्यास ते उत्तम. दुसरे उपासनेचे व स्त्रीमुक्तीच्या आवेशाचे आहे. त्यातील इतिहास कच्चा, पण दहाव्या आणि विसाव्या वर्षीच्या आवृत्त्यांत लेखिकेने आपल्याच मजकुरावर टिपणे जोडली, हा गुण दुर्मीळ. मानववंशशास्त्रज्ञ टान्या लुर्मन यांचे १९८९ चे पुस्तक लंडनमधील शिकल्यासवरल्या माणसांना जादूवर विश्वास कसकसा बसत जातो याचा शोध घेते. ते जरा अवघड आहे.

पुस्तक पारखण्याची एक सोपी खूण आम्हांस गवसली. ‘नव्वद लाख चेटकिणी जाळल्या’ असे वाक्य दिसले की पुस्तक मिटावे. हा आकडा अठराव्या शतकातील एका जर्मन लेखकाने थोड्याशा नोंदींवरून गुणाकार करून काढला. आज अभ्यासक युरोपातील देहदंडाची संख्या सुमारे ४० ते ६० हजार धरतात. तीही काय थोडी आहे? त्या माणसांपैकी कोणीही विक्काचे अनुयायी नव्हते. बहुतेक शेजाऱ्यांच्या दुष्टाव्याला, दुष्काळाला आणि न्यायाधीशांच्या छळाला बळी पडलेले साधे लोक होते. आमच्यासमोर बसलेल्या त्या विधवेचे नाते जुळते ते यांच्याशी, गार्डनरच्या मंडळाशी नव्हे, हे ध्यानी आल्यावर आमचा पहिला राग बराचसा निवळला. सात दिवसांत धनप्राप्ती वा वशीकरण शिकविणारी चकचकीत पुस्तके आम्ही पाहिली आणि परत केली.

राहिला विभागाचा प्रश्न. अमेरिकेतील एका संघीय अपील न्यायालयाने १९८६ सालीच विक्काला धर्म मानले आहे, आणि इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे १३ हजार लोकांनी आपला धर्म ‘विक्का’ असा लिहिला. हे दोन दाखले आम्ही अभिप्रायात जोडले. ज्येष्ठांनी कुरकुरत का होईना स्वाक्षरी केली. हटन, व्हॅलियंट आणि ॲडलर अशी तीन पुस्तके ‘धर्म व धर्मेतिहास’ या विभागात दाखल झाली आहेत. हटन सध्या त्या नातीकडे आहे. परतीची तारीख उलटून गेली आहे, आणि मागणीच्या वहीत तिच्या खाली पुढचे नाव त्या ज्येष्ठांचेच आहे.