जुन्नरचा पावसाळा आणि अफनासी निकितीन

वास्को द गामा १४९८ साली कालिकतच्या किनाऱ्याला लागला, हे शाळेतील मुलांसही ठाऊक असते. त्याच्या आधी सुमारे पाव शतक एक रशियन व्यापारी आपल्या चौलच्या बंदरात उतरला होता, ही गोष्ट मात्र फारच थोड्यांच्या कानावर असते. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘परदेसी’ हा चित्रपट काढला, तेव्हा अफनासी निकितीन हे नाव इकडे काही काळ गाजले. चित्रपटातील निकितीन मैत्रीचा दूत आहे. खरा निकितीन दूतबीत कोणी नव्हता. भांडवल बुडालेला तो एक दुकानदार होता, आणि आम्हांस तो अधिक मोलाचा वाटतो तो त्यामुळेच.

हा व्होल्गाकाठच्या त्वेर शहराचा. अस्त्राखानजवळ लुटारूंनी त्याचा माल नेला, त्याबरोबर त्याची धर्मपुस्तकेही गेली. हात हलवीत घरी परतण्यापेक्षा तो दर्बंद, बाकू, इराण करीत होर्मुझला पोचला आणि एक घोडा घेऊन चौलला आला. पूर्वीचे अभ्यासक हा काळ १४६९ ते १४७२ मानीत. अलीकडचे दोनेक वर्षे पुढे नेतात. घोडाच का आणला? दख्खनमध्ये चांगला घोडा पैदा होत नसे आणि बहामनी फौजेला तर घोडदळावाचून चालत नसे. जुन्नरपर्यंत त्या एका जनावरापायी त्याचे शंभर रूबल खर्ची पडले.

चौलला गोऱ्या माणसाला पाहण्यासाठी लोक त्याच्या मागून घोळक्याने चालत. त्यानेही त्यांना पाहून घेतले: अंगावर अपुरे वस्त्र, डोके उघडे, केसांची एक वेणी. पुढे बिदरला त्याने एक निरीक्षण नोंदले आहे, ते कोणत्याही तवारिखेत सापडावयाचे नाही. गावोगावचे लोक अत्यंत दरिद्री आणि सरदार मात्र चांदीच्या पालख्यांतून मिरवणारे, असे तो लिहितो. दरबारी लेखकाला हे दिसते, पण लिहिता येत नाही.

जुन्नरला त्याला पावसाने गाठले. रात्रंदिवस पाणी आणि चिखल! याच दिवसांत येथे नांगरणी-पेरणी होते, याचे त्याला नवल वाटले. घोड्यांना हरभरा आणि खिचडी चारतात, हेही त्याने टिपून ठेवले. आणि येथेच त्याच्यावर प्रसंग ओढवला. जुन्नरचा अधिकारी असदखान याने त्याचा घोडा जप्त केला. हा मुसलमान नसून रशियन आहे असे कळताच त्याने बजावले की, धर्म बदललास तर घोडा आणि वर हजार मोहरा मिळतील. नाहीतर घोडा जाईल आणि हजार मोहरा तुलाच भराव्या लागतील. मुदत चार दिवसांची. तोच खोरासानचा एक खोजा महंमद तेथे आला, त्याने रदबदली केली आणि धर्म व घोडा दोन्ही वाचविले. जुलूम करणारा मुसलमान आणि सोडविणाराही मुसलमान, हे निकितीनने जसे घडले तसे लिहिले आहे. यानंतर आपल्या देशबांधवांना त्याने कडवट सल्ला दिला: हिंदुस्थानात जावयाचे तर आपला धर्म रशियातच ठेवून जा.

बिदरला त्याचा हिंदूंशी परिचय वाढला. मुसलमानांत तो ‘खोजा यूसुफ खोरासानी’ म्हणून वावरत असे. हिंदूंना मात्र त्याने आपण ख्रिस्ती असल्याचे उघड सांगितले, आणि तेव्हापासून त्यांनीही त्याच्यापासून जेवणखाण, व्यापार, पूजाअर्चा, बायकामंडळी यांतले काही लपविले नाही. सगळ्या प्रवासवृत्तांतील हा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाजारभाव कोणालाही विचारता येतो. परंतु आपण कोण हे सांगितल्याखेरीज दुसऱ्याच्या घराचा उंबरा ओलांडता येत नाही. त्याला चौऱ्याऐंशी पंथ सांगण्यात आले, जे एकमेकांशी रोटीबेटी करीत नाहीत. मुसलमानाने भांड्यात डोकावू नये म्हणून काही जण जेवताना वर कापड घेतात, इतकी बारीक गोष्टही त्याच्या नजरेतून सुटली नाही.

त्यांच्याबरोबर तो शिवरात्रीला श्रीशैलला गेला. तेथील मूर्तीचा उंचावलेला हात पाहून त्याला कॉन्स्टँटिनोपलचा जस्टिनियन बादशहाचा पुतळा आठवला. यात्रेला उपमा दिली ती जेरुसलेमची. परक्या गोष्टीला घरची उपमा देणे काही विद्वानांना भाबडेपणाचे वाटते. पण ज्याने त्या देवस्थानाला सैतानाचे ठाणे म्हटले नाही, त्याच्या काळात ही उपमा लहान नव्हती.

या ओळखीची किंमतही त्याने मोजली. पुस्तके गेल्याने ईस्टर केव्हा येतो हे त्याला कळेना. तो अंदाजाने सण धरी, मुसलमानांच्या रोज्यांबरोबर उपास करी आणि त्याबद्दल हळहळे. त्याच्या वहीत रशियनमध्येच तुर्की, फारसी, अरबी येते. यावरून तो मनाने मुसलमान झाला होता काय, असा वाद अभ्यासकांत आहे. आम्हांस तसे वाटत नाही. खरा धर्म कोणता हे देवच जाणे, एवढ्यावर तो येऊन ठेपला होता. रशियाचे देवाने रक्षण करावे, तिच्यासारखी भूमी नाही, जरी तिचे सरदार अन्यायी असले तरी, ही प्रार्थना त्याने लिहिली तीही तुर्की भाषेत. बिदरचे सरदार पाहिलेल्या माणसाला घरचे सरदारही नव्याने दिसले असावेत.

व्यापार म्हणाल तर तोट्याचा. रशियाला नेण्याजोगे येथे काही नाही. मिरी आणि रंग तेवढे स्वस्त, पण वाटेत जकात आणि चाचे फार, असा त्याचा निर्वाळा. काळा समुद्र ओलांडून तो परतला. स्मोलेन्स्कला पोचण्यापूर्वीच वारला. त्याच्या हातच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेऊन १४७५ साली वासिली मामिरेव्ह या दरबारी लेखनिकाच्या स्वाधीन केल्या.