बाबांची पट्टी आणि चिपवरचं फुप्फुस

रोज सकाळी चहाच्या आधी बाबा बोटाला सुई टोचतात आणि रक्ताचा थेंब पट्टीवर लावतात. काही सेकंदांत आकडा येतो, मग तो आईपासून लपवायचा कार्यक्रम :-) या शनिवारी मी ती पट्टी कचऱ्यातून उचलून भिंगाखाली धरली. ("इंजिनियर केला तो यासाठी?" इति आई.) आत काळे पट्टे दिसले. ते चक्क छापलेले असतात. लग्नपत्रिका छापतात तसे, ताणलेल्या जाळीतून शाई ओढून. फक्त शाई कार्बनची.

या पट्टीची गोष्ट एका नाकारलेल्या पेपरपासून सुरू होते. अमेरिकेत ओहायोमधल्या अँटिऑक कॉलेजात लेलंड क्लार्क रक्तात ऑक्सिजन मिसळायचं यंत्र बनवत होता. त्यावरचा पेपर साभार परत आला. कारण काय, तर यंत्रातून निघणाऱ्या रक्तात ऑक्सिजन किती, हे मोजलेलंच नाही! टेस्टिंगवाल्याने असा बग टाकला की आपण आधी भांडतो. या पठ्ठ्याने मोजायचं साधनच बनवलं. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर पॉलिथिनचा पातळ पडदा ताणला. ऑक्सिजन आत येतो, रक्तातली प्रथिनं बाहेरच अडतात. १९५६ मध्ये हे छापून आलं. मग १९६२ मध्ये त्याने आणि चॅम्प लायन्सने त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम बसवायची कल्पना मांडली: साखर जितकी जास्त, तितका ऑक्सिजन खर्च, तितकी विद्युतधारा कमी. झाला बायोसेन्सर!

पण तो प्रयोगशाळेतच राहिला असता. १९८४ मध्ये क्रॅनफील्ड आणि ऑक्सफर्डच्या मंडळींनी इलेक्ट्रॉन वाहून न्यायचं काम ऑक्सिजनकडून काढून फेरोसीनकडे दिलं. १९८७ मध्ये पेनाएवढा ग्लुकोमीटर बाजारात आला. पुढे छपाईने पट्टी इतकी स्वस्त केली की वापरून फेकता यावी.

आता दुसरं टोक. २०१० मध्ये हार्वर्डच्या वीस इन्स्टिट्यूटमध्ये डॅन ह आणि डोनाल्ड इंगबर यांनी पेनड्राइव्हएवढ्या चिपवर फुप्फुस 'बसवलं'. सच्छिद्र लवचिक पडदा, एका बाजूला फुप्फुसाच्या पेशी, दुसऱ्या बाजूला केशवाहिन्यांच्या. शेजारच्या पोकळीतली हवा ओढली की पडदा ताणतो, सोडली की सैलावतो. म्हणजे श्वास! उंदराला मानवलेलं औषध माणसाला मानवेलच असं नाही, म्हणून हा खटाटोप. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने कायदा बदलून औषधांच्या मंजुरीसाठी प्राण्यांवरच्या चाचण्यांऐवजी असे पर्यायही चालतील असं म्हटलं.

मेख अशी की चिपमधल्या पेशींचं काय चाललंय हे कळायला बऱ्याचदा द्रव काढून तपासायला पाठवा, नाहीतर मायक्रोस्कोपखाली बघा. लॉग नसलेला प्रॉडक्शन सर्व्हर! २०१६ मध्ये हार्वर्डच्याच किट पार्कर आणि जेनिफर लुईस यांच्या गटांनी सहा शाया वापरून हृदयाची चिप थ्रीडी प्रिंट केली, सेन्सरसकट. पेशी आकुंचन पावल्या की छापलेली पट्टी वाकते, तिचा रोध बदलतो आणि ठोका नोंदला जातो.

पण हे झालं बळ मोजणं. रसायन मोजणं जास्त अवघड. बाबांची पट्टी काही सेकंद जगते, चिप काही आठवडे. तेवढ्यात एन्झाइम थकतं, प्रथिनांचा थर चढतो, आकडा सरकत जातो. २०१७ मध्ये खादेमहोसेनी यांच्या गटाने यकृत आणि हृदयाच्या चिपला स्वतःचा पृष्ठभाग धुऊन पुन्हा तयार होणारे सेन्सर जोडले. काम अफाट, पण पंप-झडपांचा पसारा बघून मला आपला इंजिनियरिंगचा फायनल इयर प्रोजेक्ट आठवला. माझं मत विचाराल तर सेन्सर पेशींच्या खोलीत नकोच. बाहेर जाणाऱ्या नळीवर खाच ठेवा, त्यात छापील पट्टी सरकवा, खराब झाली की फेका. सतत नाही कळणार, पण साध्या कॉलेजच्या लॅबला परवडेल.

हे सगळं बाबांना सांगत होतो, तोवर त्यांनी डबीतून दुसरी पट्टी काढली होती. पहिला आकडा पटला नव्हता म्हणे. दुसरा सहाने जास्त आला.