कमान कोणासाठी वाकते?

नागपूर-अमरावती रस्त्यावर गुरुकुंज मोझरीला घटकाभर उभे राहिले, की चाकाचा सारा इतिहास डोळ्यांपुढून जातो. ट्रक जातो, एसटी जाते, फटफटी जाते आणि शेतवाटेने एखादी बंडीही येते. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम उभा केला, तेव्हा वऱ्हाडातल्या खेड्यांचे वाहन म्हणजे मुख्यतः बंडीच होती. वाहन कोणतेही असो, प्रश्न एकच असतो. रस्त्याचा धक्का सोसायचा कोणी?

बंडीचे उत्तर सरळ होते. लोखंडी धाव चढवलेली चाके, मध्ये आख आणि वर साटा. कमान नाहीच. धक्का मालाने सोसायचा, माणसाने सोसायचा आणि बैलाच्या मानेने सोसायचा. कापसाचे गाठोडे तक्रार करीत नाही. पण बाळंतपणाला निघालेली लेक कण्हते. मग तिच्यासाठी साट्यात कुटार पसरायचे, वर वाकळ अंथरायची. ते कुटार म्हणजेच आपली पहिली स्प्रिंग, असे म्हणायला हरकत नाही.

टांग्याला पोलादी पाटे आले आणि धक्का सोसायला तिसरा कोणी मिळाला. पाट्यावर पाटा घासतो, त्या घासण्याने हेलकावाही लवकर विरतो. पण आमच्या लहानपणी अमरावतीत टांग्यात बसलेल्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. एकटी सवारी असली की टांगा हाडे खिळखिळी करायचा आणि चार माणसे बसली की तोच टांगा पाळण्यासारखा चालायचा. पाटे तेच, घोडा तोच. बदलले होते फक्त वजन.

याचे गणित रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली छापून ठेवले आहे. जितके वजन टाकाल तितक्या प्रमाणात स्प्रिंग दबते. एक सेंटिमीटर दबायला किती किलो लागतात, तोच तिचा कडकपणा. माणसाला सेकंदाला एक ते दीड हेलकावा बरा वाटतो. तो आपल्या चालण्याच्या ठेक्याच्या आसपास असतो.

आता हलक्या मोटारीची अडचण पाहा. समजा, एका चाकावर तिचे १२५ किलो वजन आहे आणि दर १० किलोला एक सेंटिमीटर दबणारी स्प्रिंग लावली. रिकामी मोटार साडेबारा सेंटिमीटर बसेल आणि हेलकावा सेकंदाला सुमारे १.४ पडेल. छान! पण चाकामागे ६० किलोचा एकेक माणूस वाढला, की ती आणखी ६ सेंटिमीटर खाली जाते आणि पोट दगडाला लागते. चाकावर ४०० किलो असलेल्या जड मोटारीला तेवढेच सुख देणारी स्प्रिंग लावा. तोच माणूस तिला दोन सेंटिमीटरही दाबत नाही. हलक्या मोटारीची स्प्रिंग दुप्पट कडक केली तर बसणे निम्मे होते. पण रिकाम्या मोटारीचा हेलकावा सेकंदाला दोनवर जातो आणि हादरे सुरू होतात. भंगारातल्या जीपचे पाटे हलक्या गाडीखाली ठोकले, की होते ते हेच.

फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीच्या पिएर बुलांझे यांनी शेतकऱ्यासाठी मोटार मागितली, तेव्हा त्यांची अट होती, नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी अंडे फुटता कामा नये. १९४८ साली ती 'टू सीव्ही' लोकांपुढे आली. हलकी मोटार, लांब झोके घेणाऱ्या मऊ स्प्रिंगा!

आपल्याकडे इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ साली 'मीरा' या छोट्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला. पुढची दोन-अडीच दशके ते नवनवे नमुने करीत राहिले. मीराला पाट्यांऐवजी रबराचे सस्पेन्शन होते. रबराचा उपयोग असा, की योग्य आकार दिला तर ते सुरुवातीला मऊ दबते आणि वजन वाढेल तसे कडक होत जाते. इंग्लंडच्या १९५९ सालच्या 'मिनी'तही अॅलेक्स मोल्टन यांचे रबरी शंकू बसवले होते, ते याचसाठी. मीरा रस्त्यावर धावली. तिचे मोठे उत्पादन मात्र कधीच झाले नाही. सामान्य कुटुंबाच्या मोटारीचा तो मराठी प्रयत्न नमुन्यांपाशीच थांबला.

इंग्लंडात १९५७ पासून 'लोटस सेव्हन' सुट्या भागांत मिळू लागली, कारण तयार मोटारीवर कर होता, सुट्या भागांवर नव्हता. लोक घरीच मोटार जोडत. आपल्याकडेही २००७ पासून अभियांत्रिकीची मुले 'बाहा' स्पर्धेसाठी हलक्या गाड्या स्वतः बांधतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, स्प्रिंग कुठे बसवता तेही पाहा. चाकाच्या दांड्याच्या मध्यावर बसवली, तर चाकापाशी तिचा कडकपणा चौथाईच उरतो. आणि बाजारात जाण्याआधी वजनकाट्यावर जा. गाडी रिकामी तोला, मग माणसे बसवून तोला.

कमानीचा कडकपणा हा केवळ आकडा नाही. तो ठरवताना कोणीतरी कोणाचा तरी विचार केलेला असतो, किंवा केलेला नसतो. बंडीत कुटार पसरणाऱ्या माउलीने तो केला होता. खेड्यातल्या रस्त्यावर आजारी माणसाला घेऊन निघणाऱ्या प्रत्येक हलक्या गाडीने तो केलाच पाहिजे.