'कृपेनं तारण' म्हणजे काय? तारण फुकट मिळत असेल, तर सेवा कशासाठी? पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातून समजून घ्या

मालवण तालुक्यातलं मसुरे म्हटलं की आंगणेवाडीची भराडीदेवी आठवते. जत्रा आली की चाकरमानी गावाकडं निघतात. कुणी नवस बोलायला, कुणी फेडायला. नवस फक्त हिंदूच बोलतात असंही नाही. कोकणातले ख्रिस्ती भाविकही बोलतात.

नवसात आधी मागणं असतं आणि मग फेड. ख्रिस्ती धर्मातली 'कृपेनं तारण' ही कल्पना मात्र उलट्या क्रमानं चालते. तिथं देणं आधी होतं, आणि त्याची फेड करताच येत नाही.

कृपा म्हणजे नेमकं काय?

तारण म्हणजे पापातून सुटका आणि देवाशी पुन्हा जुळलेलं नातं. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायानुसार ते देवाचं दान आहे. स्वतःच्या पुण्याईवर ते कमावता येत नाही, विश्वासानं फक्त स्वीकारता येतं.

पण त्याच ठिकाणी पुढं असंही सांगितलंय, की माणूस सत्कर्मांसाठीच घडवलेला आहे. याकोबाचं पत्र तर कर्मांशिवायचा विश्वास निर्जीव ठरवतं.

मग वाद कशावरून झाला?

१५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथर यांनी पापक्षमापत्रांच्या विक्रीवर आक्षेप घेतला. त्यातून प्रॉटेस्टंट पंथ वेगळे झाले. पुढं जवळपास पाच शतकांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चनं संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. तारण कृपेनंच मिळतं आणि सत्कर्मं ही त्याची फळं आहेत, यावर दोघांचं एकमत झालं.

रमाबाईंचा यात काय संबंध?

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत आधी सेवा दिसली, कृपा नंतर उमगली.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनमधल्या फुलहॅम इथं समाजानं 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी पाहिल्या. अशा स्त्रियांना कुणी मायेनं जवळ करतं, हे त्यांच्यासाठी नवं होतं. यामागची प्रेरणा विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तरी मन शांत नव्हतं. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त भेटला नाही, हे बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी लक्षात आल्याचं त्यांनी आपल्या साक्षीत लिहिलंय. आपल्या लायकीवर काही अवलंबून नाही, हे तेव्हा त्यांना पटलं.

कृपा समजल्यावर त्या स्वस्थ बसल्या का?

उलट, कामाचा पसारा वाढला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला 'मुक्ती' उभं राहिलं. तिथं शेती, विणकाम आणि छपाईचं शिक्षण मिळे. अंध स्त्रियांसाठीही सोय होती. समाजानं टाकलेल्या स्त्रियांसाठीच्या घराचं नाव होतं 'कृपासदन'.

सेवा की धर्मांतर?

हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं होतं. ते पुण्यात आल्यावर, १८९३ मध्ये, मुली ख्रिस्ती धर्माकडं वळत असल्याचा आरोप झाला. 'केसरी'नं टीका केली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

रमाबाईंचं म्हणणं होतं, की मी कुणावर सक्ती करत नाही, पण माझी प्रार्थनाही लपवणार नाही. टीकाकारांचा सवाल होता, की आश्रयाला आलेल्या मुलीला 'नाही' म्हणणं खरंच सोपं असतं का? दोन्ही बाजूंत तथ्य होतं, म्हणूनच हा वाद अजून मिटलेला नाही.

कृपेच्या शिकवणीतच त्यासाठी एक कसोटी सापडते. तारण विनामोबदला मिळालंय असं मानणाऱ्यानं सेवेचाही मोबदला मागू नये, धर्मांतराच्या रूपातही नाही.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. केडगावचं मुक्ती मिशन आजही सुरू आहे.