डेझर्ट वन : मुकी रात्र

२४ एप्रिल १९८०. वेळा इराणच्या, अंदाजे.

संध्याकाळी ७ : अरबी समुद्रातल्या ‘निमित्झ’ युद्धनौकेवरून आठ हेलिकॉप्टरं उडाली. तेहरानमध्ये ५३ अमेरिकी ओलीस, त्यांना सोडवायची ही मोहीम. आधी तबसजवळच्या वाळवंटात, ‘डेझर्ट वन’ला, उतरून इंधन घ्यायचं. कुणाला सुगावा लागू नये म्हणून वायरलेसवर शक्यतो चकार शब्द काढायचा नाही. एक गोष्ट मात्र आधीच ठरली होती : सहापेक्षा कमी हेलिकॉप्टरं उरली तर मोहीम रद्द.

रात्री ९ : पात्यात बिघाडाचा इशारा आला, सहावं हेलिकॉप्टर वाटेतच सोडून दिलं. उरली सात.

१० नंतर : इंधन आणि कमांडो घेऊन निघालेली सी-१३० विमानं डेझर्ट वनला उतरली. इतक्या गुप्त जागी पहिली गाठ पडली ती प्रवाशांनी भरलेल्या बसशी! वाटेत या विमानांना धुळीचे लोट लागले होते. ती खबर मागून येणाऱ्या हेलिकॉप्टरांना मिळालीच नाही.

मध्यरात्रीच्या आधी : पाचव्या हेलिकॉप्टरची दिशादर्शक यंत्रं धुळीत बिघडली, वैमानिक माघारी वळला. डेझर्ट वनवर आभाळ स्वच्छ होतं. तिथल्या कुणी दोन शब्द कळवले असते तर बहुधा तो पुढे आला असता.

१ नंतर : उरलेली सहा उशिरा, एकेक करत पोहोचली. इंजिनं चालूच, कानात बोललेलंही ऐकू येईना. तळावर हवाई दलाचे काईल, कमांडोंचे बेकविथ, हेलिकॉप्टरांचे सायफर्ट आणि सगळ्यांच्या वर इजिप्तमध्ये बसलेले जनरल वॉट. अंधारात हुकूम सोडणारा माणूस कोण, हेच वैमानिकांना ओळखू येत नव्हतं.

२ : दुसऱ्या हेलिकॉप्टरचा हायड्रॉलिक पंप गेलेला. उरली पाच. बेकविथ म्हणाले, पाचांवर जमणार नाही. उपग्रहावरून वॉटना, तिथून वॉशिंग्टनला. राष्ट्राध्यक्ष कार्टरनी होकार दिला : परत या.

३ च्या आधी : निघण्यापूर्वी एक हेलिकॉप्टर बाजूला घ्यायचं होतं. ते जमिनीलगत तरंगू लागलं आणि धुळीत सगळं दिसेनासं झालं. वैमानिकाची नजर समोर खूण करणाऱ्या एकाच माणसावर. धूळ चुकवायला तो माणूस चार पावलं मागे सरला. वैमानिकाला वाटलं, आपणच मागे सरकतोय. त्यानं हेलिकॉप्टर पुढे घेतलं. पातं थेट इंधनानं भरलेल्या सी-१३० वर. हवाई दलाचे पाच आणि मरीनचे तीन, आठ जण गेले.

बाकीचे मिळेल त्या विमानात चढले. मृतदेह आणि पाच हेलिकॉप्टरं तिथंच राहिली. रात्रभर तोंड मिटून जपलेल्या मोहिमेचे गुप्त कागदही त्या हेलिकॉप्टरांतच होते.