थकवा, बाळंतपणातील

गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि प्रसूतीनंतरचे पहिले काही आठवडे स्त्रीला जाणवणारी, विश्रांतीनेही पुरती न जाणारी ग्लानी. ती बहुतेकींना येते. म्हणूनच तिच्याआड दडलेला आजार अनेकदा घरच्यांच्या, कधी डॉक्टरांच्याही नजरेतून सुटतो.

दिवस भरत येतात तसे शरीरातले रक्त सुमारे 40 ते 50 टक्क्यांनी वाढलेले असते. मात्र तांबड्या पेशींपेक्षा रक्तातील द्रव अधिक वाढल्याने रक्त पातळ होते. गर्भाशयाचा दाब छातीखालच्या पडद्यावर आणि मूत्राशयावर येतो. धाप लागते, रात्री चार वेळा उठावे लागते, कूस बदलणेही कष्टाचे होते.

खरे दुखणे पंडुरोगाचे. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या खाली गेले की तो धरतात. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातील निम्म्याहून अधिक, 52.2 टक्के, गरोदर स्त्रियांना तो आढळला. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळ्या प्रसूतीनंतरही 180 दिवस घ्यायच्या असतात. त्यांनी शौचाला काळे होते, पोट जड राहते, मळमळते. मग पाकीट फडताळातच राहते. गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली तर लोह नीट शोषले जात नाही; लिंबूपाण्याबरोबर घ्यावी.

प्रसूतीत गेलेले रक्त, टाके आणि चोवीस तासांत आठ ते बारा वेळा अंगावर पाजणे यांनी बाळंतीण थकते. सव्वा महिन्याची विश्रांती, शेक, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू ही रीत या दृष्टीने शहाणपणाची. अळिवात लोह असते, आणि दूध येण्यासाठी रोज सुमारे 500 कॅलरी जास्त लागतात. धुरी आणि बंद खोली मात्र सोडलेली बरी. पाणी तोडणे तर चूकच.

निजल्यावर धाप लागणे, पाय सुजणे, छातीत धडधडणे ही हृदयाचे स्नायू दुबळे झाल्याची खूण असू शकते. हा आजार शेवटच्या महिन्यापासून प्रसूतीनंतर पाच महिन्यांपर्यंत उद्भवतो. थायरॉइड बिघडल्यानेही थकवा येतो. बाळ झोपले असूनही झोप न लागणे, दोन आठवड्यांनंतरही रडू येणे, बाळाविषयी काहीच न वाटणे हे नैराश्य समजावे. ‘बाळंतिणीला असे होतेच’ हे उत्तर इथे घातक ठरते. आशा कार्यकर्ती 42व्या दिवसापर्यंत घरी येते. तिला हे सांगता येते.

विश्रांती सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. मातृत्व रजेच्या कायद्यातील 2017च्या दुरुस्तीनंतर नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. फडावरच्या ऊसतोड मजूर स्त्रीला अशी रजा नसते, खाडा पडला की मजुरी बुडते. पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये मिळतात; बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई होऊन आईला विसावा मिळावा, हा तिचा घोषित हेतू आहे.