खानदेशांतील झोळी आणि कारखान्यांचा कायदा

राज्यें, लढाया व तह यांचे कागद आपण जपून ठेवतों. तान्ह्या मुलाच्या झोळीचा कागद कोणी ठेवीत नाहीं. तथापि पूर्व व पश्चिम खानदेशच्या, म्हणजे हल्लींच्या जळगांव, धुळें व नंदुरबार जिल्ह्यांच्या बाजूस, झोळीची गोष्ट कायद्याच्या इतिहासांत शिरली आहे, असें आम्हांस वाटतें.

अहिराणींत ‘झोयी’ म्हणून ओळखली जाणारी ही वस्तु म्हणजे निंबाच्या फांदीस बांधलेलें जुनें लुगडें. ती निर्दोष होती असें नव्हे. खोलगट कापडांत मुलाची हनुवटी छातीवर टेकली म्हणजे श्वासाची वाट अरुंद होते. परंतु कापूस वेंचतां वेंचतां मधूनच येऊन झोका देणारी आई त्या दोषावर पहारा करी. झोळीची सुरक्षितता दोरीच्या गांठीइतकीच त्या येण्याजाण्यावर अवलंबून होती.

पुढें सरकी काढण्याचे कारखाने, म्हणजे जीन, आले आणि हें येणेंजाणें तुटलें. 1884-85 सालच्या मुंबई कारखाना कमिशनापुढें खानदेशांतील जिनांविषयीं साक्ष झाली. गर्दीच्या दिवसांत तींच माणसें, बायकांसुद्धां, आठ आठ दिवस अहोरात्र कामावर असत, असें तींत सांगण्यांत आलें. अशा बाईनें झोळीकडे पाहावें केव्हां? 1881 च्या कायद्यास हा प्रश्न पडलाच नव्हता. त्यांत स्त्रियांच्या तासांस मर्यादा नव्हती. शिवाय वर्षांतून चार महिन्यांहून अधिक न चालणारे कारखाने वगळलेले होते. 1891 सालीं स्त्रियांसाठीं अकरा तासांची मर्यादा आली, आणि असे अल्पकाळ चालणारे कारखाने 1911 च्या कायद्यानें कक्षेंत आणले.

आईच्या नजरेची जागा मधल्या काळांत कशानें भरली? 1922 सालीं डॉ. बार्न्सबाईंनीं मुंबईंतील कामकरी स्त्रियांची पाहणी केली, तेव्हां त्यांच्या तान्ह्यांपैकीं शेंकडा 98 मुलांस अफू दिली जात असल्याचें त्यांस आढळलें. या मातांस निर्दय म्हणणें सोपें आहे; पण पाळण्याजवळ थांबण्याची सवड जिला नाहीं, तिनें मुलास निजवून ठेवण्यावांचून काय करावें?

म्हणून 1948 च्या कायद्याचें कलम 48 आम्हांस महत्त्वाचें वाटतें. पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत मुलांसाठीं स्वच्छ, हवेशीर खोली असावी, एवढ्यावर तें थांबलें नाहीं. ती शिक्षित बाईच्या देखरेखीखालीं असावी व मातांस मुलांना पाजण्याची सोय व्हावी, असेंही त्यानें सांगितलें. 1976 सालीं ती संख्या तीसवर आली. झोळीजवळची नजर कायद्यानें अशी मोजून मागितली.

हा धडा जुना झालेला नाहीं. अमेरिकेंत फिशर-प्राइस कंपनीनें ‘रॉक-एन-प्ले’ या नांवाचे सुमारे 47 लक्ष उतरते पाळणे 2019 सालीं परत मागविले. त्यांच्याशीं तिसांहून अधिक बालमृत्यूंचा संबंध सांगण्यांत आला होता. 2022 सालीं तेथें दहा अंशांहून अधिक उताराच्या अशा निजविण्याच्या साधनांवर बंदी आली. वैद्यांचा उपदेश साधा आहे: झोक्यांत मूल निजलें, तर त्यास उचलून सपाट व टणक बिछान्यावर उताणें निजवावें.

आपल्या शहरांतील दुकानांत आतां विजेवर हलणारे पाळणे मिळतात. यंत्र झोका देईल. परंतु मुलाची मान कलली, हें पाहण्यास कोणी तरी जवळ असावयास पाहिजे, आणि त्या जवळ असणाऱ्यास सवड देणें हें समाजाचें काम आहे.